बोक्याचा उजवा कान

स्टोनी फोर्ड, व्हरमाँट
ता. ७ ऑक्टोबर १८७२

चि. ड्रूसिला हिला आजी केझाया टिलसन हिचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून कळवते. ठेंगणी आहे, एका कानानं कमी ऐकते, आणि तुला नाक पुसायला तिनंच शिकवलं. आठवत नसेल तर सावकाश आठव. उन्हाळा गेला, मेपलची पानं लाल होऊन गळाली, तरी मी कुठे घाई केली?

तुझं पुस्तक पोचलं. सोबत पत्र नाही, चिठ्ठी नाही. जिला एक अक्षर येत नाही अशा म्हातारीला नुसतं पुस्तक पाठवणारी जगात तूच. हे पत्र लिहून देताहेत पाद्रीसाहेबांच्या बहीण लॅव्हिनियाबाई. तुझं पुस्तक त्यांना पसंत नाही. असं मी सांगतेय तेव्हा त्यांनी ओठ आवळलेत, तेही मी त्यांना लिहायला लावलंय. त्यांच्या रविवारच्या शाळेत जी पुस्तकं वाटतात त्यांत एक गुणी मुलगा असतो. त्याला खोकला होतो, तो सगळ्यांना क्षमा करतो आणि शेवटच्या पानावर मरतो. तुझा बाप लहानपणी ती ऐकून इतका घाबरला होता की आठवडाभर मुद्दाम खोड्या करत होता. गुणी झालं की जिवावर बेततं असा त्याचा समज झाला होता.

तर रविवारी प्रार्थना संपल्यावर गावातली पोरं माझ्या पायरीवर बसली आणि तुझं पुस्तक फिरलं. टेबरांची धाकटी हसता हसता पायरीवरून खाली गडगडली, उठली आणि पुन्हा हसायला लागली. ते बोक्याचं गाणं तर गावभर झालंय:

बोकोबा बोकोबा, कान कुठे गेला?
दूध मोजताना उंदरानं नेला.

आता माझं एक ऐक. मला अक्षर येत नाही, पण चित्र कळतं. हे सुटलेलं पोट, ही घड्याळाची साखळी, दुधाच्या कॅनवर मालकासारखा ठेवलेला पंजा, आणि उजवा कान अर्धा तुटलेला. मांजराचा एवढा राग कुणाला येत नाही, ड्रूसी. तू कुणा माणसाला मिशा लावल्या आहेस. तो कोण?

शेवटच्या पानावर उंदीर त्याला दुधाच्या पिंपात ढकलतात आणि वर नुसतं शेपूट उरतं, तिथे पोरं सगळ्यात जास्त हसली. मीही हसले. मग चुलीतली राख काढताना ते शेपूट परत डोळ्यांपुढे आलं, आणि या खेपेला हसू आलं नाही. का ते मला सांगता येत नाही.

गेल्या नाताळात तू पाठवलेला आल्याचा केक अजून लक्षात आहे. वरून काकवीचा पाक, आत आल्याचे दगडाएवढे तुकडे, आणि बूड कोळसा. सुरीनं खरवडून सगळा खाल्ला. स्वयंपाक तुला शिकवला नाही, यात माझा दोष नाही; तू उभीच राहत नव्हतीस.

माझी माया होती तिथेच आहे. तुझी कुठे ठेवली आहेस ते शोधून कळव. हा आशीर्वाद.

तुझी आजी

*

न्यूयॉर्क
ता. १५ ऑक्टोबर १८७२

ती. आजीस ड्रूसिलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून घरमालकीण ओस्टरहाउटबाईंनाही हसू आवरेना. पत्र न लिहिण्याला सबब नाही. दिवसभर छपाईच्या लाकडी ठोकळ्यावर वाकून चित्रं कोरताना बोटं अशी आखडतात की सुरी-काटाही धरवत नाही. लॅव्हिनियाबाईंना माझा नमस्कार. त्यांना सांग, माझ्या पुस्तकात कुणी मरत नाही, म्हणूनच मी ते काढलं.

तू बरोबर ओळखलंस. तो बोका म्हणजे आमच्या भागाचे नगरसेवक ओबेड क्रॅग. नदीकाठी दारूच्या भट्ट्या आहेत, आणि भट्ट्यांना लागून गोठे. त्या गायींनी गवत कधी पाहिलेलं नाही. भट्टीतला उकळता चोथा हेच त्यांचं खाणं. त्यांचं दूध निळसर उतरतं, म्हणून त्यात खडू कालवतात, आणि कॅनवर लिहितात ‘गावाकडचं ताजं दूध’. तपासणी आली की क्रॅगसाहेब आडवे येतात. ओस्टरहाउटबाईंचा नातू या उन्हाळ्यात गेला. आईला दूध येत नव्हतं, म्हणून या गोठ्यांतलं वरचं दूध पाजत होते. आमच्या एका गल्लीत तशी आणखीही बाळं गेली.

मी साप्ताहिकासाठी क्रॅगसाहेबांचं चित्र काढलं होतं. संपादकांनी ते पाहिलं, खूप हसले आणि खणात ठेवून दिलं. म्हणाले, कोर्टाची पायरी कोण चढणार. मग मला वाटलं, या भागातल्या अर्ध्या लोकांना साप्ताहिक वाचता येत नाही, पण पोरांना चित्रं दाखवताना ते बघतीलच. त्याच सुमारास प्रकाशक टटलसाहेबांना मुलांसाठी पुस्तक हवं होतं. उपदेश नको, हसवणारं काहीतरी, हल्ली तेच खपतं म्हणाले. मी त्यांना बोका दिला. बोका कोण ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुस्तकावर नाव नुसतं ‘डी. टिलसन’ आहे. बाईनं असलं चावरं चित्र काढलं म्हटलं तर दुकानदार पुस्तक ठेवणार नाहीत, असं टटलसाहेबांचं मत. कचेरीत माझ्या नावानं ‘श्रीयुत टिलसन’ म्हणून पत्रं येतात. एकानं तर मला शिकारीला बोलावलंय.

क्रॅगसाहेबांना मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. साप्ताहिकातल्या एकानं त्यांची कॅमेऱ्यानं पत्र्यावर उतरवलेली तसबीर मिळवून दिली, तीच समोर ठेवून काढलं. कान तुटलाय तो तरुणपणी. आग विझवणाऱ्यांच्या दोन टोळ्या आग सोडून एकमेकांवर तुटून पडल्या होत्या, त्या मारामारीत. तो कान म्हणजे त्यांची निशाणी. या भागात कुणालाही विचार.

पुस्तक हातोहात जातंय. काल खिडकीखालून पोरं गाणं म्हणत गेली. माझी ओळ लोकांच्या तोंडी गेली म्हणून मी काम सोडून ऐकत उभी राहिले.

रागावली असशील तर माझ्या आळसावर रागाव, माझ्यावर लोभ असू दे.

तुझी ड्रूसी

*

स्टोनी फोर्ड
ता. २४ ऑक्टोबर १८७२

चि. ड्रूसिलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र लॅव्हिनियाबाईंनी वाचून दाखवलं. बाळांचा मजकूर आला तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

तू म्हणतेस, पुस्तकात कुणी मरत नाही. मग ते पिंपातून वर आलेलं शेपूट कुणाचं? बोका पोहायला उतरला असेल तर तसं खाली लिहायला हवं होतं.

आणि पत्र्यावरच्या तसबिरीवर फार विसंबू नकोस. तुझ्या आजोबांची तसबीर आठवते ना, आरशाशेजारची? डाव्या हाताचं बोट कुऱ्हाडीखाली गेलं होतं त्यांचं. तसबीर हातात आल्यावर बघतात तर तुटलेलं बोट उजव्या हाताला. असे भडकले की तसबीरवाल्याच्या दारात जाऊन उभे राहिले, माझा चांगला हात का तोडलास म्हणून. तो बिचारा समजावून सांगत होता की पत्र्यावर सगळं आरशातल्यासारखं उतरतं, पण यांचं म्हणणं एकच, पैसे मी दोन्ही हातांचे दिले आहेत. मरेपर्यंत त्या तसबिरीला ते ‘तो डावखुरा’ म्हणायचे. सहज आठवलं म्हणून सांगितलं.

इथली बातमी चांगली नाही. विधवा ब्रॅडिशबाईचा बोका तुला माहीत आहे, थंडीनं ज्याचा कान झडला होता तो. गेल्या आठवड्यात बुधवारी तो गुरांच्या पाण्याच्या डोणीत सापडला. डोकं खाली, शेपूट वर. बाई त्याला छातीशी धरून माझ्या दारात येऊन उभी राहिली. पोरांनी केलं असं गावात कुणी म्हणत नाही. टेबरांची धाकटी हल्ली माझ्या पायरीवर येत नाही. परवा तिला बोलावून जवळ घेतलं, तर म्हणाली की त्यांनी फक्त पुस्तकातलं खेळून पाहिलं. वाईट बोका होता ना, असं मलाच विचारत होती.

लॅव्हिनियाबाई म्हणतात, त्यांच्या पुस्तकातला मुलगा निदान स्वतः मरायचा. मी त्यांना म्हटलं, तेही लिहा.

जपून राहा. आजीवर लोभ असेल तर लवकर लिही. नसेल तर दयेनं लिही.

तुझी आजी

*

न्यूयॉर्क
ता. ४ नोव्हेंबर १८७२

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आजोबांच्या बोटापाशी मी थांबले. पुढचं बराच वेळ वाचलंच नाही.

आजी, उलट-सुलट करणं हा माझा धंदा आहे. लाकडावर मी जे काढते ते छापताना उलटतं, म्हणून मी मुळातच उलटं काढते आणि आरशात धरून सुलटं बघते. झोपेत उठवलं तरी चुकणार नाही. पण तसबीर स्वतःच उलटी असते, हे चित्र काढताना मनात आलं नाही. मी ती इमानानं उलटवून ठोकळ्यावर काढली, छापताना ती पुन्हा उलटली, आणि तसबिरीतला खोटा कान पुस्तकात जसाच्या तसा आला. माझ्या कामात एक रेघही चुकलेली नाही, आणि सगळं चुकलंय.

तरी मनाची समजूत घालत होते, कान डावा काय आणि उजवा काय. तेवढ्यात टटलसाहेब आनंदात सांगत आले की कुणीतरी एकगठ्ठा पुस्तकं उचलली, गाडी भरून. मला वाटलं, क्रॅगसाहेबांनी जाळायला घेतली असणार. मनातून बरंच वाटलं. गेल्या मंगळवारी चौकात बँड वाजत होता म्हणून गेले. व्यासपीठावर क्रॅगसाहेब, आणि समोर या भागातली सगळी पोरं. ते माझं पुस्तक वाटत होते, फुकट, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून. मग टोपी काढून त्यांनी डोकं दोन्हीकडे वळवून दाखवलं आणि पोरांना विचारलं, माझा कुठला कान तुटलाय. पोरं ओरडली, डावा. बोक्याचा कुठला? उजवा. मग आपल्या गल्लीत उजवा कान तुटलेला दूधवाला कोण आहे रे, असं त्यांनी अगदी लाडानं विचारलं.

आहे एक. सायलस पिम. पत्रात त्याचा विषय कधी निघाला नाही, कारण भला माणूस बातमी होत नाही. त्याच्या उजव्या कानाचा तुकडा लढाईत गेला. शहराच्या वरच्या टोकाला माळ आहे, तिथे त्याच्या थोड्या गायी चरतात. रोज सकाळी गाडीतून तो आमच्या गल्लीत दूध आणतो, आणि या सगळ्या भागात खडू नसलेलं दूध तेवढं एकच आहे. ओस्टरहाउटबाई नातू गेल्यापासून दुसऱ्या कुणाचं घेत नाहीत. क्रॅगसाहेबांच्या गोठेवाल्यांना तो डोळ्यांत सलत होता. त्याला कसं हलवावं हे त्यांना सुचत नव्हतं, ते मी सुचवलं.

आता त्याची गाडी वळणावर आली की गाणं सुरू होतं. पहिल्या दिवशी तो स्वतःच हसला, पोरांबरोबर म्हणू लागला. परवा कुणीतरी कॅन कलंडवला. आयांनी त्याच्याकडून दूध घेणं थांबवलंय, पुस्तकात आलंय म्हणजे काहीतरी असणारच असं म्हणतात. मी टटलसाहेबांना सांगितलं की ठोकळा नव्यानं कोरून देते. ते म्हणाले, चौथ्यांदा छापायला घेतलंय, एका कानासाठी छपाई थांबवू का.

लोकांना हळूहळू कळेल, असं मी स्वतःला सांगते आहे. तू काय म्हणतेस ते लिही. रागावली असलीस तरी लोभ असू दे.

ड्रूसी

*

स्टोनी फोर्ड
ता. ११ नोव्हेंबर १८७२

चि. ड्रूसिलास आशीर्वाद.

आज थट्टा करणार नाही. लॅव्हिनियाबाई लेखणी धरून माझ्या तोंडाकडे बघत बसल्या आहेत, त्यांना सवय नाही.

लोकांना कळेल म्हणतेस. लोकांना कळेलही. पोरांना कळणार नाही, कारण त्यांना खेळ सापडलाय. डोणीतल्या बोक्यावर पोरांचा काहीच राग नव्हता, ड्रूसी. ती मजेत होती. रागावलेल्या माणसाला समजावता येतं, मजेत असलेल्याला काय समजावणार? आणि पोरांच्या घोळक्यात उंच पोरं किती, मोठे हात कुणाचे, हे तू बघ. माझ्या मनाला बरं वाटत नाही. काल लोणी घुसळताना मला सारखं वाटत होतं की आत काहीतरी आहे. झाकण काढून पाहिलं. लोणीच होतं.

त्या पिमकडे तू गेलीस का? पत्रात कुठे लिहिलेलं नाही, म्हणजे गेली नाहीस. जा. चित्र मी काढलं असं तोंडानं सांग. तो काय बोलेल ते उभं राहून ऐकून घे.

आणि तो कान दुरुस्त कर. टटल छापत नसेल तर दुसरीकडे छाप. नुसत्या ‘डी’च्या मागे बसून दुरुस्त होणार नाही. ज्याला नाव नाही त्याचं म्हणणं क्रॅगसारखा माणूस एका टोपीत उडवून लावतो, ते तू पाहिलंसच.

हे एक सांगितलं, आता लगेच दुसरं सांगते. सांभाळून राहा. त्या माणसाच्या वाटेला जाऊ नकोस. ही दोन्ही एका वेळी जमत नसतील तर कुठलं करायचं ते मला विचारू नकोस. मी आजी आहे, मी चुकीचं सांगेन.

लॅव्हिनियाबाईंनी काहीतरी लिहिण्याची परवानगी मागितली. मी दिली नाही. मग त्या म्हणाल्या, तुझ्यासाठी प्रार्थना करते एवढंच लिहायचं होतं. तेवढं लिहू दिलं.

माझ्या मायेबद्दल तुला विचारावं लागू नये.

तुझी आजी

*

न्यूयॉर्क
ता. २२ नोव्हेंबर १८७२

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच मी पिमकडे जायला हवं होतं. पत्र आलं त्याच दिवशी निघाले, आणि त्याच सकाळी ते झालं.

ओस्टरहाउटबाईंनी खिडकीतून पाहिलं. गाडी वळणावर आली तशी पोरं गात भोवती झाली, नेहमीसारखी. पण या वेळी मागे दोन-चार मोठी माणसं होती, भट्टीवरची. त्यांनी पिमला गाडीवरून उचललं, आणि त्याचं डोकं त्याच्याच मोठ्या कॅनमध्ये घातलं, आणि दाबून धरलं. पोरं टाळ्या वाजवत होती. बाई जिन्यावरून ओरडत खाली धावल्या, तोवर पोरांचा आवाज बंद झाला होता, कारण पिमचे पाय हलायचे थांबले होते. मग सगळे पळाले. बाईंनी त्याला पालथं करून दूध बाहेर काढलं. तो जगलाय. छातीत दूध गेलंय, खोकला थांबत नाही, ताप आहे. आमच्याच घरी मागच्या खोलीत ठेवलंय.

मी त्याला सांगितलं. उभी राहून सांगितलं, तू म्हणालीस तसं.  तो म्हणाला की पुस्तक त्यानं स्वतःच्या भाचीसाठी विकत घेतलं होतं, आणि दोघं मिळून खूप हसले होते. बोक्याच्या मिशा फार छान जमल्या आहेत. एवढं बोलून त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. आजी, त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी तिथे उभी राहू शकले असते.

नवीन चित्र काढून झालंय. तोच बोका, पण मिशांखाली क्रॅगसाहेबांचा चेहरा, पंजाखाली भट्टीचा गोठा, आणि कान डावा. मी पुन्हा चौकात जाऊन त्यांना समोरून बघून आले, आणि आरशात दोनदा तपासलं. टटलसाहेबांनी नाही म्हटलं. साप्ताहिकाच्या संपादकांना मी पिमच्या खोलीत नेऊन उभं केलं, तेव्हा त्यांनी पूर्ण पान दिलं. म्हणाले, खाली सही कुणाची? मी म्हटलं, माझी, पूर्ण. ड्रूसिला टिलसन. पुढच्या शनिवारी अंक निघेल, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरचा.

ठोकळा छापखान्यात गेल्याची बातमी मात्र आधीच फुटली आहे. दोन माणसं समोरच्या दिव्याच्या खांबाशी उभी असतात, आळीपाळीनं जेवून येतात. काल एकानं दार वाजवून, टोपी काढून, श्रीयुत टिलसन आहेत का असं फार अदबीनं विचारलं. ओस्टरहाउटबाई म्हणाल्या, या घरात कुणी श्रीयुत टिलसन नाहीत, आणि ते खरंच होतं. शनिवारपर्यंत ते पुरेल. आज सकाळी पायरीवर दुधाचा कॅन ठेवलेला सापडला. घासून लख्ख केलेला, काठोकाठ भरलेला. त्याला दोऱ्यानं पुस्तकातलं शेवटचं पान बांधलं होतं. शेपटाच्या जागी कुणीतरी शाईनं हात काढलाय, हातात पेन्सिल.

रेघ वाईट नव्हती. हे मनात आलं याचीच मला लाज वाटली.

तू काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तुला खोटं लगेच कळतं. लोभ असू दे, आता जास्तच.

तुझी ड्रूसी

*

स्टोनी फोर्ड
ता. २६ नोव्हेंबर १८७२

चि. ड्रूसिला हिला आजीचे अनेक आशीर्वाद, जितके या कागदावर मावतील तितके.

तुझं पत्र पोचलं. लॅव्हिनियाबाईंनी वाचून दाखवलं, पण शेवटी त्यांचा आवाज एकदम गोड झाला. पाद्रीसाहेब मयताच्या घरी जाऊन बोलतात तसा. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, आता गाळलेलं वाचा. आधी नाकबूल झाल्या. मग दुधाचा कॅन निघाला, आणि तो हात. माझं भलं व्हावं म्हणून गाळलं होतं, रागवत नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती शेवटी सांगते.

तुला परत ये म्हणणार नाही. तू येणार नाहीस, आणि शब्द वाया घालवायला मला लॅव्हिनियाबाईंच्या हाताची दया येते. पण पिमला उठून बसता आलं की गाडीत घालून इकडे पाठव. गायी आणता आल्या तर आण म्हणावं, गोठा रिकामा आहे, गवत आहे. या गावात उजवा कान तुटलेल्या माणसाला कुणी काही करणार नाही. आमच्या पोरांनी जे करायचं ते करून झालंय, आणि त्यांना झोप लागत नाही. टेबरांची धाकटी रोज ब्रॅडिशबाईच्या दारात जाऊन बसते. बाई तिला आत घेत नाही, हाकलतही नाही.

लॅव्हिनियाबाईंनी साप्ताहिक मागवलंय. तुझं चित्र आलं की रविवारच्या शाळेच्या दारावर लावणार आहेत, तुझ्या नावासकट. पाद्रीसाहेबांना अजून सांगितलेलं नाही. मी म्हटलं, कान तपासून लावा. तर म्हणाल्या, मला डावं-उजवं कळतं केझायाबाई. बघ, तुझ्या संगतीनं कशी उत्तरं द्यायला लागल्या.

परवाच्या थँक्सगिव्हिंगच्या मेजवानीला टर्की आहे, भोपळ्याची गोड पोळी आहे, आणि तुझी खुर्ची आहे. ती मी काढून ठेवणार नाही, कुणाला बसूही देणार नाही.

जोवर माझ्या अंगात धुगधुगी आहे तोवर माझी माया तुझ्या दाराशी उभी आहे असं समज, दिव्याच्या खांबाशी असलेल्या त्या दोघांच्या शेजारी. तुझा लोभही असाच टिकव, आणि तो टिकवायला स्वतः टिकून राहा.

तुझी आजी
केझाया टिलसन

ता. क. – आता ते शेवटचं. तुझी पत्रं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकते. ‘मी बरी आहे, काळजी नसावी’ हे कुणीही लिहू शकतं, आणि कुणीही गोड आवाजात वाचू शकतं. तुझं अक्षर कुठलं आणि परक्याचं कुठलं, हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. तुझ्या हातचा केक मात्र मी अंधारातही ओळखेन, आणि तसला केक जगात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तेव्हा या शनिवारपासून दर आठवड्याला आल्याचा एक केक पाठवायचा. ओस्टरहाउटबाईंना चुलीजवळ येऊ देऊ नकोस, त्या तो सुधारतील. ज्या आठवड्याला नीट भाजलेला केक येईल, त्या आठवड्याला मी गाडीत बसून न्यूयॉर्कला येईन, हे लक्षात असू दे. काकवी जास्त घाल, आल्याचे तुकडे जाड ठेव, आणि बूड चांगलं काळं होऊ दे.